झाकली होडी

होडी या वस्तूशी माझा संबंध बेताचाच. लहानपणी जमाखर्चाच्या जुन्या वहीची पानं फाडून होड्या केल्या, त्या रस्त्यावरच्या पाण्यात सोडल्या आणि घरी येऊन वडिलांकडून पाठीवर रीतसर पोच घेतली. पुढे एकदा भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना लाँचमध्ये बसलो. सबंध प्रवासात मी समुद्र पाहिलाच नाही. शेजारच्या बाईंच्या मांडीवर एक कोंबडा होता, तो एकटक माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्यावरची नजर काढायचा मला धीर होईना. त्यानंतर होडी आणि मी आपापल्या मार्गाने गेलो. बँकेत मी बरीच वर्षं कर्जविभागात काढली. स्कूटर, मोटार, ट्रॅक्टर, म्हैस, झालंच तर मुलीचं लग्न, या सगळ्यांसाठी कर्ज मागणारी माणसं पाहिली. होडीसाठी म्हणून कोणी माझ्या टेबलापुढे उभं राहिलं नाही.

तेव्हा होडीबद्दल मत द्यायचा मला काडीचाही अधिकार नाही. पण ज्या विषयात अधिकार नाही त्या विषयावरच माणूस मोकळेपणाने बोलू शकतो, हे आमच्या शाखेत डबा खायच्या वेळी रोज सिद्ध होत असतं.

प्रकरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या उपसागराला लागून एक गाव आहे. गावाचं नाव सीसाइड. म्हणजे आपल्या मराठीत समुद्रकाठ. या समुद्रकाठच्या एका गृहस्थाने आपल्या घराच्या बाजूला, मोटार लावायच्या जागेत, आपली होडी तिच्या गाड्यासकट उभी केली होती. जुलै २०२३ मध्ये त्याला नगरपालिकेचं पत्र आलं. होडी रस्त्यावरून दिसते. सहा फूट उंचीचं कुंपण घालून ती झाकावी. न झाकल्यास शंभर डॉलर दंड.

नीट लक्षात घ्या. होडी ठेवू नका, असं पालिकेचं म्हणणं नव्हतं. खुशाल ठेवा; फक्त ती दिसता कामा नये. गावाचं नाव समुद्रकाठ आणि गावात होडी दिसायची नाही! म्हणजे वडगावात वड दिसला तर त्याच्यावर चादर टाका म्हणण्यासारखंच झालं.

तो गृहस्थ निमूटपणे कुंपण घालून मोकळा झाला. नियमाप्रमाणे, मापाप्रमाणे. मग त्याने शेजारच्या चित्रकाराला गाठलं आणि त्या कुंपणावर मागच्या होडीचंच चित्र काढून घेतलं. साधंसुधं नव्हे, हुबेहूब. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं की कुंपण नाहीच, होडी आहे तिथेच आहे. मे २०२४ मध्ये हे चित्र झालं आणि बघता बघता त्याचे फोटो जगभर गेले. नगरपालिकेनेही चित्राबद्दल कारवाई करणार नाही असं सांगून टाकलं. नियम कुंपणापुरता होता. कुंपण उभं होतं. त्याच्यावर काय रंगवायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आमच्या भाच्याने हा फोटो पाठवला तो मी डब्याच्या वेळी सगळ्यांना दाखवला. कॅशियर म्हणाले, "वा! याला म्हणतात जिरवली!" आमचे साहेब चपातीचा घास हातात धरून गंभीर झाले आणि म्हणाले, "याला नियमाचा आदर म्हणत नाहीत. ही पळवाट आहे." साहेब निवृत्तीला आले आहेत आणि या वयात माणसाला पळवाटा दिसायला लागतात. दोन दिवस शाखेत याच्यावर दोन तट होते. मी कुठल्या तटात जावं हे मला ठरवता येईना, आणि म्हणूनच हा लेख.

धंद्याने मी कारकून. नियमाचं अक्षर आणि नियमाचा हेतू यांच्या मधल्या फटीत माझा जन्म गेला आहे. दरवर्षी नोव्हेंबरात आमच्याकडे पेन्शनर मंडळी हयातीचा दाखला द्यायला येतात. आता हे काम अंगठा लावून किंवा मोबाइलवरही होतं, पण पुष्कळ म्हाताऱ्यांना शाखेत येऊन जिवंत असल्याशिवाय समाधान वाटत नाही. एक आजोबा समोर उभे असतात. धडधडीत उभे असतात. माझ्याशी भांडत असतात. मी म्हणतो, "आजोबा, फॉर्म?" ते म्हणतात, "अरे, मी उभा आहे ना समोर! फॉर्म कशाला?" तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने आजोबांचं म्हणणं बिनतोड आहे. पण आजोबा फाइलला लावता येत नाहीत. फॉर्म लावता येतो. तेव्हा कारकून म्हणून मला विचाराल तर त्या होडीवाल्याचं व्हाउचर मी डोळे मिटून पास केलं असतं. नियमात म्हटलंय कुंपण. कुंपण आहे. उंची सहा फूट. आहे. चित्र ही होडी नव्हे. तिच्यात बसून कोणी मासे धरायला जाऊ शकत नाही. सही, शिक्का, पुढचा.

पण घरी आल्यावर कारकुनाचा कोट खुंटीला टांगला की प्रश्न उरतोच. शेजाऱ्याच्या डोळ्यांचं आपण काही देणं लागतो का? आणि लागत असू, तर किती?

या प्रश्नावर माणसं आज भांडायला लागलेली नाहीत. १६१० साली इंग्लंडात एक खटला झाला. ऑल्ड्रेड नावाच्या माणसाच्या घराला लागून शेजाऱ्याने डुकरांचा गोठा बांधला. वास सुटला. ऑल्ड्रेड कोर्टात गेला आणि जिंकला. पण निकालात न्यायाधीशांनी एक मोठी मजेदार रेघ ओढून ठेवली. हवा घाण करणं हा शेजाऱ्याचा अपराध. उजेड अडवणं हाही अपराध. पण खिडकीतून दिसणारा छानसा देखावा अडवला तर त्याबद्दल दाद नाही. कारण देखावा ही हौस आहे, गरज नव्हे. थोडक्यात, माणसाच्या नाकाला हक्क आहे, डोळ्याला नाही. मला हा निकाल फार शहाणपणाचा वाटतो. डोळा मिटता येतो, नाक मिटता येत नाही. नाक फार तर मुठीत धरता येतं, आणि तेही साहेबांपुढे.

तीनशे वर्षं डोळे असे बिनहक्काचे राहिले. मग अमेरिकेत १९२६ साली ओहायोतल्या युक्लिड नावाच्या गावाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. गावाला हे नाव जमीन मोजणाऱ्यांनी भूमितीवाल्या युक्लिडवरून दिलेलं, त्यामुळे तिथे रेघा ओढल्या जाणार हे ठरलेलंच होतं. या बाजूला राहती घरं, त्या बाजूला दुकानं, पलीकडे कारखाने, अशी गावाने वाटणी केली होती आणि एका जमीनमालक कंपनीला ती मान्य नव्हती. न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. उपद्रव म्हणजे पुष्कळदा चांगलीच वस्तू चुकीच्या जागी असणं, असा त्यांचा मुद्दा. आणि उदाहरण दिलं ते गोठ्याऐवजी दिवाणखान्यात शिरलेल्या डुकराचं. पुन्हा डुक्कर! शेजारधर्माच्या इंग्रजी कायद्यात या प्राण्याने केवढी कामगिरी बजावली आहे, याची त्याला कल्पना असेल असं वाटत नाही.

होडीही तशीच. समुद्रात असली की तिची चित्रं काढून दिवाणखान्यात लावतात. दिवाणखान्याबाहेर उभी केली की नोटीस.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी नेता येतं. पण १९५४ साली डोळ्यांना खरोखरच हक्क मिळाला, आणि तो कसा मिळाला ते ऐकलं की हसू जरा आवरतं. वॉशिंग्टन शहराच्या नैर्ऋत्य भागात वस्ती फार वाईट झाली होती. ती पाडून नवी वसवायचं ठरलं. त्या भागात एकाचं दुकान होतं. दुकान चांगलं चालत होतं, त्यात गलिच्छ काही नव्हतं. मालकाचं म्हणणं एवढंच, की माझी इमारत झोपडी नाही, मग आजूबाजूचं चित्र सुंदर दिसावं म्हणून माझी जागा का घेता? न्यायालयाने एकमताने सांगितलं, की गाव जसं निरोगी असावं तसं ते देखणंही असावं, हे ठरवायचा सरकारला अधिकार आहे. दुकान गेलं. त्याच्याबरोबर त्या भागात राहणारे हजारो लोकही गेले. बहुतेक सगळे काळे आणि गरीब. नवी वस्ती देखणी झाली, पण ती बघायला जुन्यांपैकी फारसं कोणी उरलं नाही.

मला वाटतं, होडीच्या प्रश्नाची खरी गाठ इथे आहे. 'दिसता कामा नये' हा नियम वाचताना कर्ता कोण हे कधी लिहिलेलं नसतं. कोणाला दिसता कामा नये? मराठीत या प्रयोगाला काय म्हणतात ते मी विसरलो, मी कॉमर्सचा.

फ्लॉरिडात कोरल गेबल्स नावाचं एक अतिशय नीटनेटकं गाव आहे. तिथे कित्येक वर्षं पिकअप ट्रक रात्री घरासमोर उभा करायला बंदी होती. बंद गॅरेजमध्ये ठेवा, नाहीतर दंड भरा. आता पिकअप म्हणजे काही रणगाडा नव्हे. मोटारीच्या पाठीला सामान टाकायला उघडा हौदा, एवढंच. पण तो हौदा पाहिला की मनात येतो तो सुतार, प्लंबर, रंगारी. लांबलचक मोटार उभी असली तर ती घराची शोभा, आणि हौदेवाली असली तर अवकळा. खटले झाले, नियम कोर्टात टिकलासुद्धा. अखेर २०१२ साली गावकऱ्यांनीच मतदान करून घरगुती वापराच्या पिकअपला रात्री घरासमोर झोपायची परवानगी दिली. त्या रात्री ट्रकांना काय वाटलं असेल!

कपड्यांच्या दोरीचंही तेच. आमचा भाचा कॅलिफोर्नियातच राहतो. पहिल्यांदा घर घेतलं तेव्हा त्याने फोनवर सांगितलं, "मामा, इथे कचऱ्याचा डबासुद्धा रस्त्यावरून दिसलेला चालत नाही." मी म्हटलं, "मग मामीला तिकडे येता येणार नाही. तिला बाल्कनीत चादरी वाळत टाकल्याशिवाय घर लागल्यासारखं वाटत नाही." अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी घरमालकांच्या संघटना दोरीवर कपडे वाळत घालू देत नसत, वाळत घातलेले कपडे गरिबी दाखवतात म्हणे, आणि घरांचे भाव पाडतात. एवढं लख्ख ऊन आणि सगळे विजेच्या यंत्रात कपडे सुकवतायत! शेवटी कॅलिफोर्नियाला २०१५ साली कायदा करावा लागला, की परसदारी दोरी बांधायचा माणसाला हक्क आहे. ही म्हणाली, "परसदारीच ना? म्हणजे पुन्हा झाकूनच." आमची ही कायद्याचा अर्थ फार पटकन लावते. तिने बँकेची परीक्षा दिली असती तर आज ती माझी साहेब असती. घरी आहेच.

घरांचे भाव पडतात, हा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. बँकेत राहून तो उडवता येत नाही. माणूस वीस वर्षांचे हप्ते मानेवर घेऊन घर घेतो आणि शेजारी एखादी फुटकी होडी आणून टाकतो. तिच्यात पावसाचं पाणी साचतं, डास होतात, गाडी मागे घेताना रस्ता दिसत नाही, दहा वर्षांत ती गंजून तिथेच मातीला मिळते. याला नुसतं 'डोळे मिटा' म्हणून कसं चालेल? नियम करणारे सगळेच काही खडूस नसतात. शेजाऱ्याने गाणं हळू लावावं असं आपण म्हणतो, तर भंगार जरा आत ठेव म्हणण्यातही गैर नाही. फक्त तिथे तक्रार भंगाराबद्दल असावी, भंगारवाल्याबद्दल नसावी. ही रेघ ओढायला कठीण आहे, पण ती आहे. माझी कसोटी साधी आहे. तीच वस्तू दुप्पट किमतीची असती तर खुपली असती का? पाण्याने भरलेली, डास झालेली होडी सोन्याची असली तरी खुपेल. पण ट्रक खुपतो आणि त्याच्याहून लांब मोटार खुपत नाही, तेव्हा प्रश्न डोळ्यांचा नसून खिशाचा असतो.

जॉन स्टुअर्ट मिलने या रेघेवर एक पुस्तक लिहिलं आहे, 'ऑन लिबर्टी', १८५९ सालचं. मिल मला आपल्या धंद्यातला माणूस वाटतो. १८२३ पासून १८५८ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षं, त्याने लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत बसून हिंदुस्थानला पाठवायचे खलिते लिहिले, आणि हिंदुस्थान एकदाही पाहिला नाही. मुख्य कचेरीची ही परंपरा आमच्या बँकेनेही जपली आहे. तर मिलचं म्हणणं असं, की दुसऱ्याला इजा होत नसेल तर माणसाला त्याचं तो करू द्यावं. ठीक. पण पुढे तो असंही मान्य करतो, की काही गोष्टी घरात केल्या तर चालतात आणि चारचौघांत केल्या तर सभ्यतेला बाध येतो, त्यांना मनाई करता येते. आणि यावर जास्त बोलायचं कारण नाही अशा अर्थाचं काहीतरी लिहून पुढच्या मुद्द्याकडे वळतो. जिथे बोलायची गरज होती नेमका तिथेच! अडचणीच्या कागदावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाइल खाली पाठवणारे साहेब मी पाहिले आहेत. त्यांचं मूळ कुठे आहे ते मला त्या दिवशी समजलं.

झाकण्याची कला काही एकट्या अमेरिकेची नाही. २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे अध्यक्ष अहमदाबादला यायचे होते, तेव्हा विमानतळाजवळच्या झोपडपट्टीपुढे भिंत उभी राहिली. भिंत अतिक्रमण रोखण्यासाठी, असा पालिकेचा खुलासा. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या पाहुण्यांसाठी आपल्या मुंबईत रस्त्याकडेच्या वस्त्यांपुढे पडदे लागले. सीसाइडच्या गृहस्थाला निदान पत्र तरी आलं, मुदत तरी मिळाली. आणि झाकली गेली ती त्याची होडी, तो स्वतः नव्हे. पडद्यामागच्या माणसांच्या हातात त्या दिवसांत रंगाचा डबा आणि ब्रश असता तर त्यांनी पडद्यावर काय काढलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून काही जात नाही. स्वतःचंच चित्र काढलं असतं? दारातला नळ, शाळेत निघालेली पोरं, गॅसची टाकी खांद्यावर घेतलेला माणूस? काढलं असतं तर पाहुण्यांनी थांबून फोटो घेतले असते. चित्रातली वस्ती बघायला माणसं पैसे मोजतात.

वर्सोव्याला माझा एक सहकारी राहतो. त्याच्याकडे पावसाळ्यात गेलं की कोळीवाड्यात होड्या शाकारून ठेवलेल्या दिसतात. जून आणि जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, त्यांच्यावर ताडपत्री बांधलेली असते. त्याही झाकलेल्याच. पण पावसापासून झाकलेल्या, शेजाऱ्यापासून नव्हे. कोणाच्या दारात होडी दिसली तर त्याचं बरं चाललंय असं समजतात, आणि नारळी पौर्णिमेला तिला रंग, पताका, हळदकुंकू सगळं होतं. अलीकडे आसपास उंच इमारती झाल्या आहेत आणि सुक्या मासळीच्या वासाच्या तक्रारी व्हायला लागल्या आहेत. ऑल्ड्रेडच्या निकालाप्रमाणे नाकाला हक्क आहे, हे मी वर मान्य करून बसलोय. पण तिथे गोठा नंतर आला होता. इथे घर नंतर आलं आणि मासळी आधीपासून आहे. एवढं आमच्या कॅशियरनासुद्धा कळतं.

साहेबांची पळवाट आणि कॅशियरची जिरवली, यांत माझं मत विचाराल तर ते तिसरंच आहे. त्या सबंध प्रकरणात मला आवडला तो चित्रकार. तो शेजारी होता. नियम होता तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांसाठी. आणि शेजाऱ्यानेच सहा फूट उंच जाऊन, दिवसचे दिवस उभं राहून, ती होडी पुन्हा डोळ्यांसमोर आणून ठेवली. आमच्या सोसायटीत माझ्या दाराबाहेर चपलांचं एक छोटं कपाट आहे. ते कोणाच्या तरी डोळ्यांवर येतं, हे मला सोसायटीच्या फळ्यावरच्या सूचनेवरून कळलं. 'काही सभासद' असं तिच्यात लिहिलं होतं. एका मजल्यावर आम्ही चार बिऱ्हाडं. काही सभासद रोज माझ्याबरोबर लिफ्टमधून उतरतात आणि पाऊस लांबला याबद्दल बोलतात. चपलांबद्दल एकदा बोलले असते तर मी कपाट आत घेतलं असतं. नाहीतर निदान आम्ही भांडलो तरी असतो. आता कपाट कुठे ठेवायचं हे समिती ठरवणार आहे. समितीच्या दोन बैठका झाल्या.

ही म्हणते, कपाटावर चपलांचं चित्र काढून घ्या. चित्रकाराचा भाव मी विचारून आलो. तेवढ्यात दोन कपाटं येतात.

सीसाइडच्या त्या कुंपणाची एक काळजी मात्र मला वाटते. समुद्रकाठची हवा खारी. चार-पाच वर्षांत रंग उडेल, पोपडे निघतील, होडीचा नाकाडाचा भाग पहिल्यांदा जाईल. मग पालिकेचं पुन्हा पत्र येईल, की कुंपणावरचं चित्र खराब दिसतं, त्याच्यापुढे सहा फूट उंचीचं कुंपण घालावं.